व्हायल तपासणीच्या बूथवर तिसऱ्या तासाला येणारा कंटाळा: उपाय काय?

वाघोडिया_शिफ्ट:
नमस्कार मंडळी. बडोद्याजवळ वाघोडिया जीआयडीसीत इंजेक्शनच्या प्लांटमध्ये व्हिज्युअल इन्स्पेक्शनचं, म्हणजे डोळ्यांनी तपासणीचं, काम पाहतो. ८ बूथ आहेत. १० एमएलच्या बिनरंगी काचेच्या व्हायल (औषधाच्या छोट्या सीलबंद बाटल्या), आत पारदर्शक पातळ औषध. एसओपीप्रमाणे (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे) एका वेळी एकच व्हायल हातात घ्यायची, काळ्या पडद्यापुढे ५ सेकंद, पांढऱ्यापुढे ५ सेकंद. बॅच २०,००० ची आणि माणशी टार्गेट २,५००, म्हणजे एका शिफ्टमध्ये बॅच निघावी असा हिशोब.

पहिल्या तासात हजारी नऊ-दहा रिजेक्ट निघतात, तिसऱ्या तासापासून तीन-चारवर येतात. जांभया सुरू होतात, नजर व्हायलवर आणि मन घरी. मोबाईल आत नेता येत नाही, गप्पांना बंदी. वरून एकच पालुपद, माणसांना शिस्त लावा. ओरडलं की थोडा वेळ फरक पडतो, मग ये रे माझ्या मागल्या. टीममध्ये निम्मे मराठी, निम्मे गुजराती, बहुतेक बीएस्सी झालेले. कंटाळ्यावर नेमकं काय करता येतं ते सांगा. "मोटिव्हेशन द्या" असं नको, प्लीज.

क्यूए_मांजलपूर:
आधी आकडेमोड करू, उपाय नंतर.

२,५०० व्हायल गुणिले १० सेकंद म्हणजे २५,००० सेकंद, जवळपास ६ तास ५७ मिनिटं. ही नुसती बघण्याची वेळ झाली. ट्रेमधून उचलणं, हलकेच फिरवणं, परत ठेवणं, रिजेक्ट वेगळी करणं यात कमीत कमी २ सेकंद आणखी जातात. मग होतात ८ तास २० मिनिटं. शिफ्टच ८ तासांची. त्यातून जेवणाची ३० मिनिटं, दोन चहा, गाऊन चढवणं-उतरवणं आणि लाइन क्लिअरन्स (आधीचं सगळं उचलून जागा मोकळी असल्याची खात्री) वजा करा. तुमचं टार्गेट एसओपी पाळून पुरंच होत नाही. मग माणूस काय करतो? काळ्यापुढे ३ सेकंद, पांढऱ्यापुढे २. बाहेरून ते कंटाळल्यासारखं दिसतं, पण निम्मा भाग टार्गेटचा आहे. तेव्हा शिस्त आधी त्या आकड्याला लावा.

दुसरी गोष्ट, रिजेक्ट कमी होणं हा कंटाळ्याचाच पुरावा आहे असं धरून चालू नका. व्हायल बूथवर कोणत्या क्रमाने येतात? फिलिंगच्या क्रमाने येत असतील तर सुरुवातीच्या ट्रेमध्ये रिजेक्ट जास्त असणारच, कारण औषध भरणाऱ्या नीडल आणि रबरी बुचं पुरवणारा स्टॉपर बाऊल यांची जुळणी तेव्हा चाललेली असते. म्हणजे पहिल्या तासाचा आकडा फुगलेला असू शकतो. एक करा: एका बॅचचे ट्रे क्रम मोडून वाटा. फिलिंगच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे मिसळून प्रत्येक बूथला. ट्रे नंबर लिहिलेले असतातच, कोणती व्हायल कुठली हा माग (ट्रेसेबिलिटी) जात नाही. मग तासावार आणि बूथवार हजारी रिजेक्ट काढा. तरीही तिसऱ्या तासाला घसरण दिसली तर ती माणसाची. खात्रीसाठी पहिल्या आणि तिसऱ्या तासाच्या पास ट्रेमधून प्रत्येकी २०० व्हायल घ्या आणि सकाळी ताज्या नजरेच्या माणसाला द्या. कोणत्या तासाच्या आहेत हे त्याला सांगू नका.

लक्समीटर:
क्यूएंनी टार्गेट काढलं, मी दिवा काढतो. कंटाळा म्हणून जे सांगितलं जातं त्यात डोळ्यांचा शीण बराच असतो.

व्हायल जिथे धरतात त्या जागी २,००० ते ३,७५० लक्स (उजेड मोजायचं एकक) हवेत. पडद्याजवळ किंवा दिव्याखाली मोजून फॉर्म भरू नका. शिफ्ट सुरू होताना आठही बूथ मोजा. डिफ्यूझरवर धूळ बसली, ट्यूब जुनी झाली की आकडा हळूहळू उतरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. उद्या अंबर (तपकिरी) काचेच्या व्हायल आल्या तर हाच उजेड अपुरा पडेल, तिथे ८,००० ते १०,००० लक्स लागतात. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूब असतील तर त्या बदलाच. ती लुकलुक सरळ दिसत नाही, पण दोन तासांत कपाळ दुखायला लागतं.

व्हायल डोळ्यांपासून साधारण २५ सेंटीमीटरवर हवी. खुर्ची खाली असली की माणूस कोपर हवेत धरून बसतो, खांदे भरून येतात, मग मान खाली जाते आणि व्हायल पडद्यापासून सरकते. कोपर टेबलावर टेकतील इतकी खुर्ची वर घ्या, पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या. खोलीतले बाकीचे दिवे मंद ठेवा, काचेवर प्रतिबिंब पडलं की डोळा तेच बघत बसतो.

वर्षाची डोळेतपासणी होत असेलच. त्यात जवळचं दिसणं वेगळं तपासून घेतलंय का ते पाहा. चाळिशीच्या आसपासचा माणूस लांबचं छान वाचतो आणि इथे चाचपडतो. चष्मा असलेल्याने तो लॉकरमध्ये ठेवून आत जायचं नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण घडतं.

बूथ_पाच:
सुपरवायझर भाऊ, बूथच्या आत बसणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

काम संपतंय असं दिसलं पाहिजे. समोर २०,००० चा ढीग आणि हातात एक व्हायल, यात मन लागणं कठीण. ट्रे ५० चा करा. एका व्हायलला १२ सेकंद धरले तर ट्रे १० मिनिटांत होतो. ट्रे संपला की उठून रॅकमध्ये ठेवायचा, सही करायची, नवा आणायचा. आणायला दुसरा माणूस ठेवू नका, ती चार पावलंच औषध आहेत. उभं असतानाच खोलीच्या सर्वांत लांबच्या भिंतीकडे किंवा काचेतून बाहेर २० सेकंद बघायचं. असे पाच ट्रे, म्हणजे ५० मिनिटं, की बूथ सोडायचा. १० मिनिटं बूथबाहेर. त्या १० मिनिटांत लगेच मोबाईलकडे धाव घेऊ नये, डोळे पुन्हा त्याच अंतरावर अडकतात. पण हे नियम करून सांगाल तर कुणी ऐकणार नाही. पाण्याचा कूलर मोबाईलच्या लॉकरपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला ठेवा.

बघायचा क्रम एकच ठेवा: सील, मान, खांदा, अंग, तळ, मग आतलं पाणी. पाणी बघताना व्हायल हलवायची नाही, गोल फिरवून थांबवायची. झटका दिला की बुडबुडे होतात आणि बुडबुडा की कण हे ठरवण्यात वेळ जातो. बुडबुडा वर चढतो, काचेचा कण चमकत खाली बसतो, धागा मध्येच तरंगतो आणि काळ्यावर जास्त दिसतो. काळपट कण पांढऱ्यावर.

मन भटकणं थांबवता येत नाही. भटकलं हे पकडता येतं. खूण सोपी आहे: "आत्ता ठेवली ती व्हायल कशी होती?" याला उत्तर नसेल तर लक्ष नव्हतं. तेव्हा मागच्या पाच परत घ्यायच्या. यासाठी ट्रेमध्ये व्हायल ठरलेल्या क्रमाने, ओळीओळीने ठेवा, नाहीतर मागच्या पाच कोणत्या ते कळत नाही. आणि परत घेतल्याबद्दल कुणी विचारलं, "बेन, इतका वेळ का?", तर दुसऱ्या दिवसापासून ती परत घेणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

घड्याळ समोरच्या भिंतीवरून काढून पाठीमागे लावा.

वाघोडिया_शिफ्ट:
टार्गेटचा गुणाकार आजवर कुणी केला नव्हता. ट्रे सध्या २०० चे आहेत, ५० चे करता येतील. ताई, पाच परत घ्यायचं उद्यापासून सांगतो.

एक कल्पना आहे. खराब असलेल्या ओळखीच्या व्हायल, खूण करून, चालू बॅचमध्येच अधूनमधून टाकल्या तर? सापडतात की नाही हे कळेल आणि माणूस जागाही राहील.

क्यूए_मांजलपूर:
चालू बॅचमध्ये? अजिबात नको. एक व्हायल सुटली तर ती पेशंटपर्यंत जाते. शिवाय रिकन्सिलिएशनमध्ये (आलेल्या, पास आणि रिजेक्ट व्हायलच्या मेळात) एकाचा जरी फरक आला तरी अख्खी बॅच अडकते आणि तपासात तुम्हीच अडकता. कल्पना बरोबर आहे, जागा चुकली.

ती का बरोबर आहे ते सांगतो. तुमच्याकडे हजारात तीन-चारच खराब. माणसाला शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा "ठीक आहे" असंच म्हणायचं असतं, मग मेंदू लवकर "ठीक आहे" म्हणायला शिकतो. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवलं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती ७ टक्के वेळा सुटली. तीच वस्तू १ टक्का चित्रांत ठेवल्यावर ३० टक्के वेळा सुटली. माणसं तीच होती, फक्त वस्तू दुर्मीळ झाली. म्हणून ओरडून भागत नाही. हे आळसाने होत नाही, दुर्मीळ वस्तू शोधणाऱ्या कुणाचंही होतं. त्यांच्याच पुढच्या कामातून असं दिसलं की मधूनमधून भरपूर "सापडणाऱ्या" छोट्या फेऱ्या दिल्या आणि चूक-बरोबर लगेच सांगितलं तर सुटणं कमी होतं.

हेच तुम्ही वेगळ्या ट्रेवर करा. ५० व्हायलचा सरावाचा ट्रे, त्यात १० खराब: तीन कणवाल्या, दोन धाग्याच्या, एक तडा, एक सील वाकडं, एक पातळी कमी, एक स्टॉपर तिरका, एक काचेचा ओरखडा. नंबर सीलच्या खालच्या कडेला, बघताना दिसणार नाही असा. शिफ्टच्या सुरुवातीला एकदा, जेवणानंतर एकदा. १० मिनिटांत होतो. होताच उत्तरपत्रिका समोर ठेवायची: या सापडल्या, या सुटल्या, या चांगल्या असून टाकल्या. सुटलेली व्हायल त्याच माणसाच्या हातात द्या आणि कण दिसेपर्यंत बघू द्या. तो क्षण सगळ्यांत कामाचा. त्यानंतर त्या जातीच्या कणाकडे त्याची नजर लवकर जाते.

घोटाळे कुठे होतात तेही लिहून ठेवा. (अ) जागा पाठ होतात. दर वेळी ट्रे पिसायचा, आणि तीन-चार संच फिरते ठेवायचे. (आ) कण स्टॉपरला किंवा काचेला चिकटून बसतो आणि ती व्हायल चांगली दिसायला लागते, मग बिचाऱ्याला फुकट नापास करता. वापरण्याआधी दोघांनी प्रत्येक खराब व्हायल बघून खात्री करावी. (इ) कण फार बारीक घेतात. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकटा कण १० एमएल व्हायलमध्ये जवळजवळ कुणालाच दिसत नाही, १०० चा साधारण ४० टक्के वेळा, १५० च्या पुढे भरवसा धरता येतो, २०० ला ९० टक्क्यांच्या वर. सरावाला १५० ते ३०० घ्या. न दिसणारं शोधायला लावलं तर लोक अंदाजाने टाकायला लागतात. चांगल्या टाकण्याचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. (ई) हा ट्रे, त्याचा रॅक, त्याचं रजिस्टर सगळं वेगळ्या रंगाचं, कुलुपात. बॅच टेबलावर असताना हा ट्रे खोलीत येता कामा नये. आधी लाइन क्लिअरन्स, मग सराव.

आणि हा सराव म्हणजे क्वालिफिकेशनची, म्हणजे तपासनीस म्हणून पात्र ठरवण्याची, परीक्षा नाही. तिथल्या किटमध्ये खराब व्हायल मुद्दाम कमी ठेवतात. याचे मार्क अप्रेझलला जोडलेत तर लोक उत्तरं वाटून घेतील.

रावपुराकर:
मंडळी, यातलं बरंचसं जुनंच आहे. इंग्लंडात १९२९ साली वायट नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सोबत्यांनी साबण गुंडाळणं, पुडे भरणं अशा एकसुरी कामांवर अभ्यास केला होता. काम थोड्या वेळाने पालटलं, लहान पूर्ण होणाऱ्या तुकड्यांत दिलं, मध्ये विसावा दिला, एकट्याऐवजी गटात बसवलं, की कंटाळा कमी. पुढे १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थने रडारवर नजर ठेवण्यासारखं दोन तासांचं काम देऊन पाहिलं, पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. तुमच्याकडे तिसऱ्या तासाला "दिसतं" एवढंच, सुरुवात त्याआधी झालेली असणार.

वायटच्या यादीत आणखी एक होतं, नगावर पैसे दिले की कंटाळा कमी वाटतो. ते इथे वापरू नका. नगावर पैसे म्हणजे बघणं कमी, हात जलद.

काम पालटायचं म्हणजे काय पालटायचं, हा खरा प्रश्न. ताईंनी सांगितलेल्या ५० मिनिटांच्या दोन बैठका तपासणी, मग एक बैठक दुसरं: ट्रे भरणं, रिजेक्टची जातवारी आणि मोजणी, लेबलिंगकडे मदत, रजिस्टर. तपासणीवरून उठून पुन्हा डोळ्यांचंच बारीक काम दिलंत, समजा छापील लेबल तपासायला बसवलंत, तर पालट नुसता कागदावर. हातापायांचं काम द्या. त्यासाठी ८ बूथना १२ माणसं लागतील. एकूण आठच असतील तर पाच बूथ चालवा, तिघं फिरती.

संगीत: इअरफोन नको, खोलीत स्पीकरवर अगदी हळू चालतं, पण ठेक्याचं नको. नवरात्रात कुणीतरी गरबा लावतोच, आणि हात टाळीच्या तालावर व्हायल उचलायला लागतो, दहा सेकंदांचे सहा कधी झाले कळत नाही. नवरात्राचंच निघालं तर, त्या नऊ दिवसांत मध्यरात्रीपर्यंत मैदानावर असलेल्या माणसाला सकाळी सातला बूथवर बसवू नका. रोस्टर आधीच विचारून बनवा, ज्यांना खेळायचंय त्यांना दुपारची शिफ्ट, ज्यांना नाही त्यांना सकाळची. गणपतीत आमची मराठी मंडळी विसर्जनाच्या दिवशी तेच करतात, तेव्हा बदल्यात गुजराती मंडळी सांभाळून घेतात.

कॅमेरेवाला:
मशीन घ्या हो. कॅमेऱ्याचं मशीन व्हायल गरगर फिरवून थांबवतं. काच थांबते, आतलं पाणी फिरत राहतं. एकामागून एक काढलेल्या फोटोंत जे हललं ते कण, जे स्थिर ते काचेवरचं. कॅमेऱ्याला कंटाळा येत नाही.

क्यूए_मांजलपूर:
येत नाही, पण बुडबुड्याला कण म्हणून ढीगभर चांगल्या व्हायल टाकतो, आणि त्या पुन्हा माणसाकडेच येतात. मशीन नीट चालतं हे सिद्ध करायचे (व्हॅलिडेशनचे) महिने वेगळे. आणि मधला पर्याय म्हणून सेमी-ऑटोमॅटिक पट्टा घेणार असाल, ज्यात रोलरवर व्हायल समोरून सरकत जातात, तर सावध. वेग माणसाच्या हातात राहत नाही, "मागच्या पाच परत" घेता येत नाहीत. तिथे बैठक ५० ची नको, २० ते ३० मिनिटांची ठेवा.

बूथ_पाच:
जेवणाचं कुणी लिहिलं नाही. कॅन्टीनमध्ये दुपारी डाळ-भात भरपेट आणि वर ताक, मग दोन ते चार डोळे मिटतात. भात अर्धा करून चारला शेंगदाणे-चणे द्यायला कंत्राटदाराला सांगा, खर्च तेवढाच. रात्रपाळीत खरी घसरण दोन ते पाच. तेव्हा तपासणीच्या बैठका ३० मिनिटांच्या करा आणि हातापायांची कामं त्या वेळेसाठी राखून ठेवा. चहाचा असर अर्ध्या तासाने चढतो आणि पाचेक तासांनी निम्माच उतरतो, म्हणून तो दीडला घ्यावा. पाचला घेतला तर घरी जाऊन झोप नाही, आणि दुसऱ्या रात्रीचा कंटाळा तिथेच तयार होतो.

पाणी पिऊ द्या. गाऊन काढायला लागतो म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, दुपारी डोकं चढतं. सीलबंद व्हायलची खोली आहे, फिलिंगसारखं कडक गाऊनिंग इथे नसतं. दोन मिनिटांचं काम. ती दोन मिनिटं टार्गेटमधून कापू नका.

वाघोडिया_शिफ्ट:
सगळ्यांचे आभार. सोमवारी प्रॉडक्शनच्या साहेबांसमोर बसायचंय. ते म्हणणार, बॅच एका शिफ्टमध्ये नाही निघाली तर डिस्पॅच अडतो. काय घेऊन जाऊ?

क्यूए_मांजलपूर:
एकच कागद न्या. वर २५,००० सेकंदांचा गुणाकार. खाली हे: ५० मिनिटांच्या बैठकीत २५० व्हायल, २०,००० ला ८० बैठका, ८ बूथवर १० फेऱ्या. आठही बूथ सतत भरलेले राहिले, म्हणजे १२ माणसांची आळीपाळी असली, तर विश्रांती धरून १० तास. पहिली शिफ्ट सहा फेऱ्या करते, उरलेल्या चार दुसऱ्या शिफ्टला. वेळ खरंच इतका अडत असेल तर आणखी चार बूथ मागा: १२ बूथवर ७ फेऱ्या होतात, पण माणसं १८ लागतील. टार्गेट मात्र वाढवू नका.

मग तासावार रिजेक्टचा आलेख, ट्रे मिसळल्यानंतरचा. हा आठवडा त्यासाठी द्या, तोवर साहेबांसोबतची भेट पुढे ढकलता आली तर उत्तम. साहेब विचारतील की आजवर कुठे तक्रार आली? तेव्हा एक्यूएलच्या सॅम्पलिंगमध्ये (तपासणीनंतर थोड्या व्हायल काढून, खराब ठरलेल्या मर्यादेत आहेत का ते बघण्यात) किती बॅच पुन्हा १०० टक्के तपासायला लागल्या, ते रजिस्टरमधून काढून ठेवा. एक बॅच पुन्हा तपासणं म्हणजे पुन्हा ८० बैठका.

आणि त्या कागदावर "कंटाळा" हा शब्द लिहू नका, "तासावार शोधक्षमता" लिहा. साहेब लोक कंटाळ्यावर भाषण देतात, शोधक्षमतेवर सही करतात.